चिंचणूरच्या पाळण्याची दोरी

चिंचणुरात रामजन्माच्या दिवशी पाळण्याची दोरी सगळ्यांत आधी परगावच्या बाईच्या हाती देतात आणि तिला येत असेल त्या बोलीत गायला सांगतात. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. ज्यांनी चांदगीर महाराजांची ही कथा ऐकली आहे, त्यांना वाटत नाही.

महाराज एका उन्हाळ्यात फिरत फिरत चिंचणुरास आले आणि राममंदिराच्या ओवरीत राहिले. गाव मराठी आणि कानडी मुलखाच्या शिवेवरचं. एका आळीत मराठी, दुसरीत कानडी, तांबोळ्याच्या घरात दख्खनी. महाराज सगळ्यांशी सारखंच बोलत, म्हणजे फारच थोडं. त्यांचे डोळे सदा अर्धे मिटलेले. गावातले टवाळ त्यांना पेंगुळबुवा म्हणत, आणि ते ऐकून महाराजांना हसू येई.

मंदिराची वहिवाट धोंडोपंतांकडे होती. माणूस सोवळ्याचा, करड्या शिस्तीचा. रामजन्माचा पाळणा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोरी ओढायची ती गावातल्या जुन्या घरच्या लेकुरवाळ्यांनी, आणि पाळणा म्हणायचा तो पंतांना पाठ असेल तसाच. गाताना एखादीने कडवं गाळलं, तर पंत भर सोहळ्यात हात वर करून तिला थांबवत आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. बायका त्यांना टरकून असत.

या पंतांना स्वतःला मात्र कुणी जोजवलं नव्हतं. त्यांना जन्म दिला आणि आई गेली. निदान हे पोर तरी जगावं म्हणून आजोबांनी नाव धोंडो ठेवलं, शेळीच्या दुधावर वाढवलं आणि बोलता येऊ लागताच श्लोक शिकवायला घेतले. कुणी आईचा विषय काढला की पंत उठून चालू लागत. त्यांना आठवायला काही नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटे.

त्या वर्षी मंदिरामागे विहीर खोदायला वडारांचा तांडा आला होता. त्यांत नरसव्वा नावाची एक बाई होती. तिची बोली तेलुगू, मराठी जेमतेम. तिचं एकुलतं मूल मागच्या मुक्कामी तापाने गेलं होतं. दिवसभर दगड वाहायची, संध्याकाळी हातपाय धुऊन मंदिराच्या पायरीशी बसायची आणि रिकाम्या पाळण्याकडे बघत राहायची.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी तिने धीर केला. "पंत, उद्या मी बी एकडाव दोरी ओढू काय?"

पंत हसले. मंडप बांधणारी माणसंही हसली.

"तुला मूल ना बाळ. आणि गाशील काय, तेलुगूत? रामाला त्यातलं काय कळणार?"

नरसव्वाने मान खाली घातली. ओवरीतून महाराज म्हणाले, "पंत, कोवळ्या पोराला कुठली भाषा कळते?"

"ते मला काय ठाऊक, महाराज?"

"मग उद्या बघू," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

इकडे पंतांच्या घरात निराळंच संकट उभं होतं. त्यांची लेक सगुणा बाळंतपणाला आली होती. पोर महिन्याचं होत आलं आणि ती तापाने अंथरुणाला खिळली. शुद्ध नाही, अंगावर दूध नाही. पोराने दोन दिवस डोळ्याला डोळा लावला नव्हता. वाटीचं दूध तोंडाला लावलं की मान फिरवून रडायचं. नवमीच्या सकाळी ते रडणंही बारीक झालं. वैद्यांनी पंतांना बाजूला घेतलं. "याला झोप लागली पाहिजे. झोपलं तर उठून दूध घेईल. आज दिवस मावळायच्या आत झोपलं नाही, तर माझ्या हाती काही राहिलं नाही."

माध्यान्ह झाली. मंदिर माणसांनी भरलं होतं, ताशेवाला काठ्या सरसावून बसला होता, आणि ज्यांच्यावाचून सोहळा कधी सुरू झाला नाही ते पंतच नव्हते. शेवटी ते आले. धोतराचा सोगा जमिनीवर लोळत होता, हातात कापडात गुंडाळलेलं पोर होतं. ते नीट महाराजांपुढे गेले.

"महाराज, हे हातचं चाललं."

महाराज उठले. त्यांनी सजवलेल्या पाळण्यातून रामाची बाळमूर्ती उचलली, आपल्या छातीशी धरली आणि म्हणाले, "पोराला आत ठेव."

"देवाच्या पाळण्यात?"

"देव बसेल माझ्या मांडीवर. त्याला कुठे झोपायचंय?"

पंतांनी पोर पाळण्यात ठेवलं. लेकुरवाळ्या पुढे झाल्या, दोरी हलली, पाळणा सुरू झाला. एकेक कडवं अगदी पंतांना हवं तसं, कुठे चूक नाही. पोर रडत राहिलं. पाळणा संपला, पुन्हा म्हटला. पोराचा आवाज आता मांजराच्या पिलाएवढा उरला होता.

"नरसव्वाला बोलवा," महाराज म्हणाले.

ती पायरीशीच उभी होती. लोकांनी वाट दिली. ती पाळण्यापाशी येऊन थबकली. "म्हाराज, मला तुमचं गाणं येत न्हाई."

"आमचं कोण मागतंय? तुझी आई तुला म्हणायची ते म्हण."

तिने पंतांकडे पाहिलं. पंतांनी काल हसलेलं तोंड खाली घातलं आणि आपल्या हाताने दोरी तिच्या हातात दिली.

नरसव्वा गाऊ लागली. लाली, लाली, म्हणजे तिच्या बोलीतलं जो जो, एवढंच पहिल्यांदा कळलं. आवाज खरखरीत होता, दगडाची धूळ गळ्यात बसल्यासारखा. ती गात गेली आणि मंडपातलं ऊन मऊ झालं. ताशेवाल्याने ताशावर डोकं टेकलं. वळचणीतली कबुतरं माना पंखांत घालून बसली. कानडी आळीतला इराप्पा तेली डोळे मिटून आईला हाक मारावी तसं "अव्वा" म्हणाला. पान देऊन जायला आलेला तांबोळी खांबाला टेकून खाली बसला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि पुढे जन्मभर तो शपथेवर सांगायचा की नरसव्वा दख्खनीत गात होती, आवाजही त्याच्या अम्मीचा होता. इराप्पा म्हणायचा, छे, शुद्ध कानडी. ही चांदगीर माउलीची लीला, तिथे कोण कुणाला खोटं ठरवणार?

आणि धोंडोपंत? त्यांना झोप आली. थोरल्या माणसाला येते तशी नव्हे. त्यांना वाटलं, आपण उबदार काळोखात आहोत, आपल्याला हात नाहीत, पाय नाहीत, नाव नाही, आणि पाण्यापलीकडून कुणीतरी गातंय. रामाचाच पाळणा, मराठीत. आवाज हसरा होता, तरणा होता. बाई काहीतरी निवडत असावी, टिपत असावी, कारण मध्येच ती थांबे आणि पुन्हा धरे. दुसऱ्या कडव्यावरून ती सरळ चौथ्यावर गेली. तिसरं गाळलं. पंतांनी हात वर केला नाही. तिने थांबू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

जाग आली तेव्हा आपण सोवळ्यासकट जमिनीवर बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाळणा मंद झुलत होता. आत पोर मूठ गालाशी घेऊन गाढ झोपलं होतं.

"महाराज," पंत कुजबुजले, "ती कोण होती? तिने तिसरं कडवं गाळलं."

उत्तर दिलं ते कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या भिवराआजीने. पंतांची आई आणि ती एका वर्षी लग्न होऊन चिंचणुरात आल्या होत्या.

"तुझी आई गाळायची ते, धोंडू. तिसरं तिला कधी आठवलंच नाही. आम्ही हसायचो तिला. तू पोटात होतास, तेव्हा तांदूळ निवडताना सारखी तेच म्हणायची."

पंतांचा चेहरा पाहवेना. "मी तिला कधी ऐकलंच नाही, असं समजत होतो मी," ते म्हणाले.

"तिने ऐकवलं होतं," महाराज म्हणाले. "तू मोठा झालास आणि विसरलास. पोर अजून विसरलेलं नाही, म्हणून त्याला कुठलीही आई कळते."

पंत महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या हातात काय आहे? दोरी जिच्या हातात आहे, तिच्याकडे जा."

सगळ्या गावादेखत धोंडोपंत गुडघ्यांवर आले. नरसव्वाचे पाय दगडाच्या धुळीने पांढरे झाले होते. त्यांवर त्यांनी डोकं ठेवलं आणि आजवर कुणालाच न मारलेली हाक त्यांच्या तोंडून मोठ्याने निघाली, "आई."

नरसव्वाने दोरी सोडली नाही. दुसरा हात तिने त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "पोर उठंल."