मिटल्या डोळ्यांचे घरटे

एका राज्यात झोप नावाची गोष्टच उरली नव्हती. राजा मणिसेनाने शिकारीत एका मांत्रिकाचा ससा मारला. मांत्रिकाने राज्यातली सारी झोप काढून घेतली आणि मेलेल्या सशाच्या गाभण सशिणीच्या पोटात ठेवली. "हिच्या पिल्लांचे डोळे उघडतील, तेव्हा तुमचे मिटतील," तो म्हणाला. "पिल्ले गेली, तर झोपही गेली." एवढे बोलून, सशीण तिथेच सोडून, तो धुके होऊन विरला.

मोठी माणसे कशीबशी तगली. पण राजाची तान्ही लेक इरावती जागून जागून वाळू लागली. तेव्हा राणी पद्मगंधेने ती सशीण राजवैद्य धरणीधरांच्या हवाली केली. वैद्यराज फार शिकलेले, आणि त्याहून फार भित्रे. साधा काढा उकळतानाही, आपले काही चुकत तर नाही ना, असे त्यांना वाटे.

पहिले संकट प्रसूतीचे. पिल्लू आडवे आले. वैद्यराजांनी बोटाला तिळाचे तेल लावले. कळ आली की ते पिल्लाला अलगद ओढत, कळ ओसरली की थांबत. ते पिल्लू मेलेलेच निघाले. मागून तीन जिवंत आली, उघडी, आंधळी, अंगठ्याएवढी.

दुसरे संकट थंडीचे. सशीण पोटाची लव उपटून पिल्लांना अंथरूण करते, पण हिच्यात त्राण नव्हते. वैद्यराजांनी तिची क्षमा मागितली, पोटाची सुटलेली लव हलकेच काढली आणि राजवाड्याच्या बागेतल्या गवताच्या पोकळीत पिल्लांच्या खालीवर पसरली. पिल्लांच्या अंगात ऊब आली.

तिसरे संकट दुधाचे, आणि तिथे सारेच फसले. राणीने सशिणीचे बाळंतपण माणसाच्या रीतीने मांडले. घरट्याशेजारी शेगडी, ओवा-शेपांची धुरी, आणि पाचवीला जागतात तशा दासी पहाऱ्याला. झोप कुणालाच येत नव्हती, त्यामुळे पहारा क्षणभरही ढळला नाही. सशीण बागेच्या टोकाला जाऊन बसली ती परतेना. पिल्लांची पोटे सुरकुतली. ही कसली आई, असे राणी म्हणाली आणि शेळीचे दूध पाजायला सांगितले. वैद्यराजांनी कापसाची वात बुडवून पाहिली. पिल्लू ठसकले, तसे ते घाबरून थांबले.

बागेतल्या एका खांबावर साळुंकी होती. ती माणसासारखे बोले, आणि जरा खवचटच बोले.

"वैद्यबुवा, सशाच्या पिल्लांवर इतकी टक लावून कोण बसते?"

"कोल्हा," वैद्यराज म्हणाले.

मग त्यांना हळूहळू उमगले. आई घरट्यापाशी रेंगाळली तर शत्रूला माग लागतो. म्हणून ती दूर राहते. तिचे दूर राहणे हेही एक पांघरूणच. त्यांनी शेगडी हलवायला, धुरी विझवायला आणि सगळ्यांना निघून जायला सांगितले.

"आणि तुमचे चुकले तर?" राणीने विचारले. मांडीवर इरावती कण्हत होती.

"चुकू शकते, महाराणी. पण आपण इथे बसून राहिलो तर नक्कीच चुकेल."

"मी आई आहे, वैद्यराज. नुसती पाठ फिरवू?"

"तीही आईच आहे. तिने तेच केले आहे."

राणीने इरावतीला खांद्यावर घेतले. मग उठली. दासी उठल्या, बागेची दारे लोटली गेली. ज्यांना डोळे मिटता येत नव्हते, त्यांनी त्या संध्याकाळी माना वळवल्या. वैद्यराज भिंतीकडे तोंड करून बसले. मनात शंभर शंका.

अंधार पडण्यापूर्वी त्यांनी जाऊन लव बाजूला केली. पिल्लांची पोटे टम्म होती, पातळ कातडीतून आतले दूध पांढरे दिसत होते. सशीण पुन्हा टोकाला बसून पाला खात होती, जणू त्या घरट्याशी तिचा काही संबंधच नाही.

मग रोज असेच घडले. आई एकदाच येई, घाईने पाजी, निघून जाई. पिल्लांच्या अंगावर लव आली, कान लांबले. आणि एका दुपारी तिघांनी डोळे उघडले.

इरावतीने जांभई दिली. राणीने पाळण्याला एक झोका दिला, दार लोटून बाहेर आली आणि उंबऱ्यावरच झोपली. सिंहासनावर राजा, वेशीवर पहारेकरी, खांबावर साळुंकी, सगळे जिथल्या तिथे कलंडले. उरले फक्त वैद्यराज. पिल्लांची पोटे आणखी एकदा चाचपून खात्री करावी, असे त्यांच्या मनात आले. ते दोन पावले चालले, थांबले, आणि तिथेच गवतावर आडवे झाले.

त्या भर दुपारी, त्या साऱ्या राज्यात, जागे होते ते फक्त ससे.