हिरवी गोधडी आणि दोन बुरूज

फार फार जुनी गोष्ट. एका नदीला काठ होते दोन, आणि तिच्यावर हक्क सांगणारे राजे होते तीन. एक अलीकडचा, एक पलीकडचा, आणि एक वरचा, ज्याच्या डोंगरात ती नदी उगम पावायची.

तिघांतले दोघे नेहमी मित्र असत आणि तिसरा शत्रू. पण कोणते दोघे, हे मात्र विचारू नका. आज ज्याच्या पंगतीला बसून पोटभर जेवायचं, उद्या त्याच्याकडेच बघून मिशीला पीळ द्यायचा, ही तिथली राजनीती. प्रजेला सकाळी उठून शेजाऱ्याला विचारावं लागे, "काय रे, आज आपलं कोणाशी वाकडं आहे?"

अलीकडच्या काठावर हैबती नावाचा पाथरवट राहत होता. पाथरवटाची लेक पाथरवटाच्याच घरी द्यायची, ही त्यांची रीत. म्हणून त्याची धाकटी बहीण ठकू पलीकडच्या काठावरच्या पाथरवटाला दिलेली होती. तेव्हा त्या दोन राजांचं चांगलं गूळपीठ जमलं होतं. नावेत बसून तोंडात विडा घातला, की तो चघळून संपायच्या आत बहिणीचं दार येई.

पुढे वारं फिरलं. पलीकडचा राजा वरच्याला जाऊन मिळाला. नावा काठावर ओढून पालथ्या घातल्या गेल्या आणि येणं-जाणं बंद झालं.

हैबतीच्या आईने जाण्याआधी आपल्या पिवळ्या काठाच्या हिरव्या लुगड्याच्या दोन गोधड्या शिवल्या होत्या. एक लेकाला, एक लेकीला. घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीच्या घाटावर धुवायचं आणि घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, वाळत घालायचं, ही दोन्ही काठांवरची चाल. राजे भांडले, पण ही चाल काही मोडली नाही.

अलीकडच्या राजाने काठावर बुरूज बांधायला काढला. काम अर्थातच हैबतीकडे आलं. घटस्थापना चार दिवसांवर असताना तो बुरजाच्या माथ्यावर चढला, सहज समोर पाहिलं, आणि पाहतच राहिला. पलीकडच्या एका धाब्यावर हिरवी गोधडी वाळत होती. पिवळ्या काठाची.

"आहे गं बाई माझी," तो पुटपुटला. "आहे, धडधाकट आहे. घर धुऊन काढतेय."

छन्नी बाजूला ठेवून तो तिथेच दगडावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्या एका गोधडीवर त्याने पुढचं वर्ष काढलं.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत तो घाईघाईने वर चढला. पण समोरही आता एक बुरूज उभा होता, आणि तोही नेमका ठकूच्या घरापुढे. धाबं दिसेना, गोधडी दिसेना. कोण मेला हा दगड रचणारा, म्हणून हैबतीने त्या पाथरवटाला मनातल्या मनात शिव्या मोजल्या. मग तो किल्लेदाराकडे गेला.

"सरकार, समोर बुरूज चढलाय. लक्षण काही बरं दिसत नाही. आपणही चार थर चढवलेले बरे."

किल्लेदार खूश झाला. "शाबास! पाथरवट असून नजर शिपायाची आहे तुझी."

बुरूज चढला होता, हे खरं. पण लक्षणाशी हैबतीला काय करायचं होतं? त्याला गोधडी पाहायची होती. चार थर चढले आणि समोरच्या बुरजाच्या माथ्यापलीकडे त्याला ती दिसली. थोडी विटलेली, पण तीच. पुढच्या वर्षी समोरचा बुरूज आणखी चार थर वर. मग इकडचा. मग पुन्हा तिकडचा. खाणीतला दगड पुरेना, तेव्हा दोन्ही राजांनी घाटाच्या पायऱ्या उखडून बुरजांना लावल्या. बायका चिखलात उभ्या राहून गोधड्या धुऊ लागल्या.

असं सहावं वर्ष उजाडलं. पलीकडच्या राजाचं वरच्याशी बिनसलं, आणि त्याचा वकील मैत्रीचा नारळ घेऊन अलीकडच्या दरबारात आला. गावात बातमी पसरली की आठ दिवसांत नावा पाण्यात पडणार. हैबतीच्या बायकोने नणंदेसाठी लाडू वळायला घेतले.

दरबारात राजाने नारळ घ्यायला हात पुढे केला, तोच प्रधान म्हणाला, "थांबावं महाराज. तोंडात मैत्री आणि काठावर दरवर्षी चार थर, हे कसं? हल्ल्याची तयारी आहे, असं आपलाच पाथरवट सांगतो."

हैबतीला बोलावणं गेलं. राजाने विचारलं, "खरं का रे हे?"

हैबतीच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. महाराज, मला काही ठाऊक नाही, मला बहिणीची गोधडी बघायची होती. पण बहिणीच्या गोधडीपायी राजाचा घाट उखडला, असं भर दरबारात सांगितलं तर मान धडावर राहील का?

"होय महाराज," तो म्हणाला.

वकील नारळ घेऊन आल्या पावली परत गेला. लाडू घरातच संपले. हैबतीने त्यातला एकही खाल्ला नाही.

पुढच्या वर्षी घटस्थापनेआधी तो बुरजावर चढला. समोरचा बुरूज यंदा वाढला नव्हता. ठकूचं धाबं स्वच्छ दिसत होतं. पण त्यावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी घट बसले, तरी हैबती वरच होता.

त्याच हिवाळ्यात वरच्या राजाने दोघांचंही पाणी अडवलं. मग काय, काल एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन राजे गळ्यात गळा घालून भेटले. नावा पाण्यात पडल्या. पहिल्या नावेत हैबती होता. त्याच्या हातात त्याची गोधडी होती, ठकूला तिच्या गोधडीची जोडी दाखवायला घेतलेली.

दारात मेहुणा बसला होता. केस पांढरे, हातांना पाथरवटाचे घट्टे. त्याने वर पाहिलं आणि हैबतीच्या हातातली गोधडी दिसताच मान खाली घातली, तेव्हा हैबतीला कळलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"आखाडात. तापाचं निमित्त झालं." मेहुण्याने डोळे पुसले. "तुमचा बुरूज नेमका तुमच्या घरापुढे आला, मेहुणे. तेव्हापासून घटस्थापना आली की मागे लागायची. म्हणायची, दादाचा बुरूज दिसतो, दादाची गोधडी दिसत नाही. अहो, आणखी चार थर चढवा ना. मी जाऊन आमच्या किल्लेदाराला सांगायचो, समोरचं लक्षण बरं नाही म्हणून. काम झालं की तिला वर न्यायचो. तुमची गोधडी बघून ती वर्षभर पुरेल एवढं हसायची."

हैबती मटकन खाली बसला. इतकी वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो समोर बसला होता, आणि त्या बुरजावर उभं राहून ठकू हैबतीचंच घर शोधत होती. मेहुण्याने आतून तिची गोधडी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. दोन्हींचा हिरवा रंग सारखाच विटला होता.

दोन्ही गोधड्या घेऊन परत आल्यावर हैबती थेट किल्लेदाराकडे गेला. आता मान राहो वा जावो, त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग हल्ल्याची तयारी करत होतं कोण?" किल्लेदाराने विचारलं.

"कोणीच नाही, सरकार," हैबती म्हणाला.

किल्लेदाराने त्याची मान वाचवली, पण ही गोष्ट राजाला कळवली नाही. कळवून उपयोग नव्हता. दीड वर्षात राजांचं पुन्हा फाटलं, नावा पुन्हा पालथ्या पडल्या. हैबतीने मात्र त्यानंतर बुरजाला एकही दगड लावला नाही. घटस्थापना आली की तो उखडलेल्या घाटावरच्या चिखलात उतरतो, दोन हिरव्या गोधड्या स्वतःच्या हाताने धुतो आणि धाब्यावर शेजारी शेजारी वाळत घालतो. समोरून पाहणारं आता कोणी नाही.

तर थोरामोठ्यांनो आणि चिल्यापिल्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: शेजाऱ्याची भिंत का चढली हे त्याला न विचारता जो आपली भिंत चढवतो, तो शत्रूला अडवत नाही, आपल्याच माणसाला नजरेआड करतो.