पणजोबांची फिरंग

"ती तलवार मला पाहिजे. पण रणधीररावांच्या वर मी बोली लावणार नाही. त्यांनी आपणहून मागं सरायचं, आणि वर माझे आभार मानायचे. जमलं तर कामावर राहा, नाहीतर शनिवारपासून येऊ नकोस."

एवढं बोलून वेळूगडचे सरकार चहा पिऊ लागले. संस्थान केव्हाच गेलं होतं, हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. समोर वैजयंता उभी होती. शेजारच्या गावातल्या फुलवाल्याची ही मुलगी सरकारांच्या तलवारी पुसून त्यांना तेल लावायची, आणि लिलाव असला की कॉम्प्युटरवर बसायची. कारण सरकारांचं बोट बटणापर्यंत पोचेपर्यंत तलवार दुसऱ्याच्या घरी गेलेली असे.

लंडनच्या एका लिलावगृहानं शुक्रवारच्या ऑनलाइन लिलावात एक फिरंग काढली होती. सरळ, लांब पात्याची तलवार, मुठीवर सोन्याची वेलबुट्टी. फोटो पाहिल्यापासून सरकारांना जेवण गोड लागत नव्हतं. पण त्यांच्या आधीच हॉटेलवाले रणधीरराव वाघचौरे यांनी शस्त्रसंग्राहक मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं होतं, 'ही आमच्या पणजोबांची तलवार.'

झालं, विषय संपला. कारण मंडळात सगळी सभ्य माणसं. कुणी कुणाला किंमत विचारायची नाही. ज्याची तलवार हुकली त्यानं जिंकणाऱ्याचं सगळ्यांत आधी अभिनंदन करायचं. आणि एखाद्यानं 'ही आमच्या घराण्याची' असं म्हटलं, की बाकीच्यांनी बोली लावायची नाही. हा नियम झाल्यापासून मंडळातल्या एकाचाही पूर्वज निःशस्त्र राहिला नव्हता. एका दंतवैद्यांच्या तर एकट्या खापरपणजोबांच्याच सात तलवारी निघाल्या होत्या.

"मीही म्हणतो, आमच्या पणजोबांची," सरकार म्हणाले.

"मग दोन पणजोबांचं भांडण लागेल सरकार, आणि साक्षीला दोघंही येणार नाहीत," वैजयंता म्हणाली. "त्यापेक्षा तुम्ही रणधीररावांचा सत्कार करा."

सरकारांचा कप बशीत आदळला. "त्या माणसाचा? मी?"

"फोन द्या. मी लिहिते. तुम्ही वाचा, पटलं तर पाठवा."

तिनं लिहिलं: 'रणधीरराव, अभिनंदन. पणजोबांची तलवार घरी येते आहे, हा मंडळाचाच मान आहे. आम्ही आपला जाहीर सत्कार करू इच्छितो. भाषणात सांगायला हवं म्हणून विचारतो, ती तलवार त्यांच्या हातून गेली कशी?'

सरकारांनी दोनदा वाचलं. "यात वावगं काय आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर पाठवायचं."

सरकारांनी पाठवलं. वैजयंता तलवारी पुसत राहिली, पण कान फोनकडे होते. शनिवारपासून घरी बसावं लागलं तर आईला काय सांगायचं, हेही मनात चालू होतं.

मग एकेक सभासद मदतीला धावला. 'लढाईत हातातून पडली असेल,' एकानं लिहिलं. 'पडली की टाकली, हे इतक्या वर्षांनी कसं कळणार?' दुसऱ्यानं अदबीनं विचारलं. दंतवैद्यांनी लिहिलं, 'विकली असेल. त्या काळी मोठमोठ्या घरांत जुगाराचा नाद होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही.'

रणधीररावांनी घाईघाईनं उत्तर दिलं, 'पणजोबांनी ती एका गोऱ्या साहेबाला भेट दिली होती.'

त्यावर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'पण ते तर साहेबाशी लढत होते ना? दसऱ्याच्या भाषणात आपणच सांगितलंत.'

थोड्याच वेळात सरकारांचा फोन वाजला. वैजयंतानं तो स्पीकरवर टाकला.

"सरकार, तो सत्कार राहू द्या," रणधीरराव म्हणाले.

"का बरं? हार सांगून ठेवलाय."

"लोक काहीबाही लिहायला लागलेत. मुलीचं लग्न ठरतंय आमच्या, आणि होणारे व्याही त्याच ग्रुपवर आहेत."

सरकारांनी वैजयंताकडे पाहिलं. ती हळूच कुजबुजली, "म्हणा, तलवार तुमची नसेलच."

"रणधीरराव, मला वाटतं, ही तलवार तुमच्या घराण्याची नसेलच."

पलीकडून दबका आवाज आला, "असं तुम्ही ग्रुपवर लिहाल?"

"तुमची इच्छा असेल तर."

"लिहा. उपकार होतील."

सरकारांनी लिहिलं, 'वाघचौरे घराण्यातल्या वीरांच्या हातून शस्त्र कधी सुटलं नाही. तेव्हा लंडनला पोचलेली तलवार त्यांची असणं शक्यच नाही.' लगेच खाली रणधीररावांचं उत्तर आलं, 'गैरसमज झाला होता. सरकारांचे मनःपूर्वक आभार.'

सरकार खूश झाले, पण लगेच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "आता तलवार कुणाच्याच घराण्याची नाही. मग शुक्रवारी ते साधी बोली लावतील की."

"कशी लावतील? लावली, तर व्याही म्हणतील, पणजोबांची भानगड गुपचूप घरी आणताहेत."

शुक्रवारी, आपल्याही पणजोबांची चौकशी नको म्हणून, मंडळातल्या दुसऱ्या कुणीच बोली लावली नाही. त्या दिवशी दंतवैद्यांनाही पूर्वज आठवला नाही. परदेशातला कुणी एक जण थोडा वेळ बोली चढवत राहिला आणि थकून थांबला. वैजयंतानं शेवटचं बटण दाबलं आणि फिरंग सरकारांची झाली. पहिलं अभिनंदन, रिवाजाप्रमाणे, रणधीररावांचं आलं. सोबत जोडलेल्या हातांची चित्रं होती, जरा जास्तच.

ती चित्रं पाहून सरकारांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी भिंतीवरची चांदीच्या मुठीची कट्यार काढली आणि वैजयंतापुढे धरली. "घे. आमच्या संग्रहातली सगळ्यांत देखणी चीज आहे."

वैजयंतानं वाकून मुजरा केला, पण हात पुढे केला नाही.

"सरकार, कट्यारीवर बसून घरी जाता येत नाही. लंडनचा लिलाव संपेपर्यंत आमची शेवटची एसटी निघून जाते."

सरकार इतके हसले की त्यांना ठसका लागला. वैजयंतानं पाणी आणून दिलं. पुढच्या सोमवारी ती कामावर आली ती नव्या कोऱ्या स्कूटरवरून.