दुपट्यातलं नाव

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक छोटासा दवाखाना होता. त्याच्या मागच्या बागेत मधुमालतीचा मांडव होता आणि मांडवाशेजारी लांबच लांब दोऱ्या. त्या दोऱ्यांवर रोज बाळांची दुपटी वाळत पडायची. पांढरीशुभ्र दुपटी, काठाला एक गुलाबी पट्टा आणि एक निळा. दवाखान्यात जन्मलेलं बाळ श्रीमंताचं असो नाहीतर गुराख्याचं, पहिल्यांदा गुंडाळलं जायचं ते यातल्याच एखाद्या दुपट्यात.

दुपटी धुवायचं काम भागामावशीचं, आणि तिच्या हाताखाली असायची तिच्या बहिणीची मुलगी, बारकी. आता बारकी हे काही नाव नव्हे, बरं का. तिला नावच नव्हतं. ती याच दवाखान्यात जन्मली आणि त्याच दिवशी तिची आई देवाघरी गेली. जाण्याआधी आईनं दुपट्यातलं बाळ तोंडाशी धरलं आणि बारशाला आत्या कुर्र करून कानात नाव सांगते ना, तसं काहीतरी हळूच सांगितलं. भागामावशी दारात उभी होती. बहिणीचे ओठ गोल झालेले, मग मिटलेले, मग उघडलेले तिला दिसले, पण ऐकू काही आलं नाही.

"मेली मी दारातच का थांबले," असं मावशी अजूनही म्हणायची आणि डोळ्यांना पदर लावायची. आईनं ठेवलेल्या नावावर दुसरं नाव ठेवायला तिचं मन धजेना. म्हणून बारकी ती बारकीच राहिली. परकर फाटका होता, ताटात शिळी भाकरी असायची, त्याचं तिला फारसं काही वाटायचं नाही. पण कुणी आपल्या लेकराला नावानं हाक मारली की ती हातातलं काम थांबवून ऐकत राहायची.

बारकीला एक खोड होती. दोरीवरच्या दुपट्यांना वाऱ्यानं गवताची कुसळं चिकटायची, बारकी ती एकेक करून वेचून काढायची. बाळांच्या इवल्याशा, मऊमऊ अंगाला टोचायला नकोत म्हणून. मावशी करवादायची. तुझं वेचून होईस्तोवर बाळं शाळेत जातील गं बाई, म्हणायची. बारकी हसायची आणि वेचत राहायची.

एक दिवस धुकं फार उशिरा उठलं. दुपार कलली तरी दुपटी ओलीच होती. बारकी कुसळं वेचत होती, तेवढ्यात मधुमालतीच्या झुपक्यातून एक चिमुकली परी खाली उतरली आणि दोरीवर पाय हलवत बसली. तिच्या पंखांना एक पट्टा गुलाबी होता, एक निळा, आणि त्यांवर चांदीची बारीक बारीक चमचम. ती म्हणाली, की या दुपट्यांची राखण माझ्याकडे असते, आणि दुसऱ्यांच्या बाळांसाठी कुसळं वेचणाऱ्या मुलीची एक इच्छा मी पुरी करणार आहे.

बारकीला विचार करावाच लागला नाही. "आईनं मला काय नाव ठेवलं होतं, तेवढं सांग," ती म्हणाली.

"ते मला नाही माहीत, राणी. तुझ्या दुपट्याला माहीत आहे. आईची पहिली कुजबुज दुपटं जपून ठेवतं. तीच त्याची ऊब असते."

मग परीनं नियम सांगितले. दुपटं एकदाच बोलेल. बोललं की त्याची ऊब सरली, ते नुसतं फडकं होऊन राहील. आणि दोरीवरचं ऊन उतरायच्या आत ते कानाला लावायचं. ऊन गेल्यावर विचारून उपयोग नाही, मग इच्छाही संपली.

परीनं टाळी वाजवली. वारा नव्हता, तरी एक जुनं दुपटं फडफडलं. धुऊन धुऊन ते इतकं विरलं होतं, की सगळ्या दोरीवर तेवढं एकच वाळलं होतं. बारकीनं ते काढून छातीशी धरलं. त्याला साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता.

ती ते कानाला लावणार, तोच दवाखान्यातल्या सिस्टर धावत आल्या. एका धनगरणीला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं होतं. एवढंसं बाळ, थंडीनं काळंनिळं पडत चाललेलं, आणि आतली दुपटी संपलेली. सिस्टर दोरीवरून हात फिरवत होत्या आणि प्रत्येक दुपटं ओलं लागत होतं.

बारकीनं दुपटं घट्ट धरून ठेवलं. ऊन दोरीच्या टोकाशी आलं होतं. एकच तर शब्द ऐकायचा होता, ऐकून लगेच देता आलं असतं. पण मग देणार काय, फडकं? तिनं परीकडे पाहिलं. परीनं मान खाली घातली. आतून बाळाचं रडणं आलं, मांजराच्या पिल्लासारखं बारीक.

बारकीनं दुपट्यावरचं शेवटचं कुसळ काढलं. "हे घ्या, सिस्टर," ती म्हणाली. "हे ऊबदार आहे."

सिस्टर आत पळाल्या आणि दोरीवरचं ऊन उतरलं. बारकी मांडवाखाली बसून हुंदके देऊन रडली. परी तिच्या खांद्यावर आली.

"मला दुसरी इच्छा देता येत नाही गं," परी म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता.

"बाळ जगेल?"

"जगेल."

परीनं तिच्या कपाळाची पापी घेतली. सगळा मांडव गुलाबी-निळ्या उजेडानं भरून गेला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. संध्याकाळी मावशीनं सगळं ऐकलं. ती रागावली नाही. बारकीला कुशीत घेऊन म्हणाली, की आता तूही माझ्यासारखी दारातच राहिलीस गं पोरी. बारकीनं त्यानंतर दुपटी कितीदा कानाला लावून पाहिली, पण कुठलंच बोललं नाही.

वर्ष उलटलं. ती धनगरीण बाळाला, म्हणजे बिरूला, लस टोचून घ्यायला घेऊन आली. बिरू चांगला गुटगुटीत झाला होता, पण अजून एक शब्द बोलत नव्हता. त्याच्या अंगावर तेच विरलेलं दुपटं होतं; वर्षभर तो त्यातच झोपला होता. दोरीपाशी उभ्या असलेल्या बारकीकडे त्यानं टक लावून पाहिलं, मग दोन्ही हात पसरले आणि स्पष्ट म्हणाला, "उमा."

धनगरीण हरखून गेली. लेकराचा पहिलाच शब्द. मग तिला नवल वाटलं. "आमच्यात उमा कुणीच नाही. तुझं नाव हाय का गं?"

मावशीच्या हातातला साबण गळून पडला. ती बिरूच्या तोंडाकडे बघत होती. ओठ गोल झाले, मिटले, उघडले.

"उमा," बिरूनं पुन्हा हाक मारली.

बारकीनं त्याला उचलून घेतलं. दुपट्याची ऊब तिच्या गालाला लागली, आणि तिच्या मनात आलं, की आईनं ही हाक मारली तेव्हा आपल्याला बोलता येत नव्हतं. उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. तिनं दुपट्यात तोंड लपवलं आणि अगदी हळू म्हणाली, "ओ, आई."