खारीची शिष्टाई

माणसांची शेपूट अजून गळायची होती, तेव्हाची ही गोष्ट. रानातल्या एकुलत्या एका डोहावरून वानरं आणि रानडुकरं हातघाईवर आली होती. शेवटी समेटाचे निरोप न्यायला दोघांनी मिळून चिंगी खारीला दूत नेमलं. दूताला कुणी दुखवायचं नाही, पण त्याने निरोप फिरवला तर त्याची शेपटी कापायची, असा रानाचा कायदाच होता.

हुप्प्या वानर म्हणाला, “सांग त्या चिखलतोंड्याला, सकाळी आमच्या आधी पाणी गढूळ केलंस तर टाळकं फोडीन!”

चिंगीने आपल्या झुपकेदार शेपटीकडे एकदा पाहिलं आणि ती डुकरांकडे जाऊन म्हणाली, “गबरूदादा, वानरं सकाळी आधी पाणी पिऊन घेतील. मग दिवसभर तुम्ही खुशाल लोळा.”

“पिऊ देत मेले!” गबरू डुक्कर गुरगुरला. “पण वरून एक चिंच जरी माझ्या पोरांवर पडली, तर झाड उपटीन!”

चिंगी परत आली. “हुप्प्यामामा, त्यांना मान्य आहे. फक्त पिल्लं लहान आहेत, वरून जरा जपा म्हणतात.”

तह ठरला. दोघे डोहावर भेटले, तोच कावळा ओरडला, “हिने निरोप फिरवले! मी दोन्हीकडचं ऐकलंय!” आता ह्याला कुणी विचारलं होतं का? पण गप्प बसेल तर तो कावळा कसला!

चिंगीने शेपटी पोटाशी घट्ट धरली.

गबरू हसायलाच लागला. “अरे, शिव्याच पोचवायच्या असत्या, तर तुलाच नसतं का धाडलं?”

“तर काय!” हुप्प्या बाजूला सरकला. “ये गं चिंगे, आधी तू पाणी पी.”