महाराजांची उलटी पृथ्वी

रणधीरराजांना कुणीतरी पृथ्वीचा गोल भेट दिला आणि दरबाराच्या डोक्याला ताप झाला. महाराज रोज गोल गरागरा फिरवत आणि दरबारी मंडळी 'वा वा' करत माना डोलवत. एके दिवशी दरबारच्या ज्योतिषीण चंद्राक्का म्हणाल्या, "महाराज, उलटा फिरवताय. पृथ्वी पूर्वेकडे फिरते."

महाराज लालबुंद झाले. "पूर्वेचा एवढा पुळका ना? मग उद्या उजाडताच पूर्वेकडे निघायचं. मी सांगेपर्यंत कुठे थांबलात, तर मान उडवीन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाराज तलवार घेऊन स्वतःच अक्कांच्या दारी आले. अक्का ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून निवांत पान चघळत होत्या.

"जागच्या हलला नाहीत की."

"वा, सकाळपासून पूर्वेकडेच चाललेय, या ओट्यासकट. सूर्यच बघा ना. सकाळी समोर होता, आता पार मागे पडलाय."

महाराजांनी मावळत्या सूर्याकडे पाहिलं, मग हातातल्या तलवारीकडे. "बरं, आता थांबा," ते गुरगुरले.

"आधी पृथ्वी थांबवा, मग थांबते," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला काय अवघड? रोज उलटी फिरवताच की."