हरणाला पाजलेलं पाणी

ही गोष्ट माझ्याइतकी झकास साऱ्या मुलखात कोणी सांगत नाही. खरं म्हणजे दुसरं कोणी ती सांगतच नाही. आणि मलाही अर्धीच येत होती. उरलेली बायकोनं सांगितली.

तर सागाच्या रानानं झाकलेल्या एका डोंगरात एक धबधबा होता, खडकात पाण्यानं कोरलेले रांजणाएवढे खळगे होते आणि सगळ्यांत वर एक गुहा होती. गुहेच्या भिंतीवर कुण्या जुन्या माणसानं गेरूनं एक हरिण काढलं होतं. किती जुनं, ते विचारू नका. मला माझंच वय धड सांगता येत नाही.

डोंगर दाखवायचं काम गावातला एक वाटाड्या करी. गुहेच्या तोंडाशी त्याची सासू बोरं विकत बसे. तिथली रीत अशी, की उन्हातून आलेल्यानं आत शिरताच गप्प बसायचं. डोळे अंधाराला सरावले, की आधी शिंगं दिसत, मग पाठ, मग उचललेला पाय.

सासू सांगे, "बसा निवांत. लाजाळू आहे ते. तुम्ही चुळबुळ केलीत तर येणार नाही."

लोक कुरकुरत बसत आणि बाहेर येताना हळू आवाजात बोलत. धबधब्याला 'वा' म्हणून लगेच शिदोरी सोडणारी माणसंसुद्धा!

एकदा एक जाडजूड शेटजी धापा टाकत वर आले. ते काही बसले नाहीत. बसले असते तर उठवायला चौघं लागली असती.

"कुठंय हरिण? नुसता काळोख दाखवतोस होय रे? थांब, खाली जाऊन सगळ्यांना सांगतो."

वाटाड्या घाबरला. गिऱ्हाईक तुटलं तर घरची चूल थंड. त्यानं तांब्या उचलला.

"जावईबापू, नका," सासू म्हणाली. "रीत मोडू नका."

"मामी, तुम्ही आपली बोरं विका," म्हणत त्यानं पाणी भिंतीवर फेकलं. ओल्या दगडावर हरिण असं उठून दिसलं, की शेटजींनी टाळ्याच पिटल्या.

मग काय! हरिण झटपट दिसतं म्हणून लोकांची रीघ लागली. बसणं गेलं, तांब्याही गेला, घागर आली. सासूची बोरं मात्र तशीच राहू लागली. एवढ्या घाईच्या माणसाला बी थुंकायला तरी सवड कुठली?

पुढच्या उन्हाळ्यात मुरलेल्या पाण्यानं भिंतीला लोणा धरला. मिठाच्या थरासारखा पांढरा, खरबरीत. आधी पाय गेला, मग पाठ, मग शिंगं. आलं त्याच्या उलट्या वाटेनं हरिण निघून गेलं.

"चुना बघायला एवढं चढायचं?" म्हणत लोक धबधब्यावरूनच परतू लागले. वाटाड्या एकटाच गुहेत बसून राही. अगदी रीत पाळून, गप्प. पण काही येईना.

तात्पर्य मी इथंच उरकतो, कारण शेवटचं बोलणं सासूचं आहे आणि सासूच्या पुढं बोलायची आपली छाती नाही.

तात्पर्य: जे सावकाश दिसतं, ते घाईनं दाखवायला गेलं की कायमचं दिसेनासं होतं.

तर एका संध्याकाळी वाटाड्या रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामी, मी त्याचं काय वाईट केलं? मुकं जनावर ते, त्याला पाणीच तर दिलं!"

सासूनं बोरांची टोपली डोक्यावर घेतली.

"जावईबापू, हरिण पाण्यावर जातं. पाणीच हरणावर आलं, तर त्याला पूर म्हणतात."